‘परत आला’ म्हणजे नेमकं काय आलं?

यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षं जातात, ठरलेल्या तपासणीत नवी गाठ दिसते आणि घरात एकच वाक्य फिरू लागतं: ‘परत आला, आता हात लावण्यात अर्थ नाही.’ या पूर्वपक्षाला आधार आहे. यकृताच्याच पेशींतून उगवणारा हा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत पुन्हा दिसतो. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

‘परत आला’ या शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. पहिल्या दोन वर्षांत दिसणारी गाठ बहुधा जुन्या गाठीतून निसटलेल्या पेशींची असते. त्यानंतरची पुष्कळदा नवीच असते. हिपॅटायटिसने, दारूने किंवा चरबीने सिरोसिस झालेल्या यकृतात ती स्वतंत्रपणे उगवते. तण उपटलं तरी बी जमिनीत होतंच. अशा गाठीचा विचार पहिल्या गाठीइतकाच नव्याने व्हायला हवा, आणि हिपॅटायटिस बी असेल तर विषाणूवरचं औषधही चालू हवं.

दुसरा आक्षेप असा, की पुन्हा पोट उघडणं झेपणार नाही आणि सुईने जाळणं ही नुसती मलमपट्टी. शांघायमध्ये पुन्हा उद्भवलेल्या आजाराच्या २४० रुग्णांवर हीच तुलना झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांची पुन्हा शस्त्रक्रिया, निम्म्यांना रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे सुईने गाठ जाळणं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ४३.६ आणि ३८.५ टक्के, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी किंवा रक्तातलं एएफपी (या कर्करोगात वाढणारं प्रथिन) २०० च्या वर असेल तिथे मात्र शस्त्रक्रिया सरस दिसली. सोनोग्राफीत बघत बरगड्यांमधून सुई घालायची, गाठ आणि भोवतीची थोडी कड जाळायची. योग्य रुग्णात याला मलमपट्टी म्हणणं अन्याय आहे. सुई पोचणार नाही अशा जागी नेमका किरणोपचार करता येतो.

गाठी मिलान निकषांत बसत असतील, म्हणजे एकच पाच सेंटिमीटरपर्यंत किंवा फार तर तीन आणि प्रत्येक तीनपर्यंत, तर यकृत प्रत्यारोपणाचा विचार व्हायलाच हवा. त्यात गाठीबरोबर ती उगवणारी जमीनही बदलते. दाता आणि खर्च या अडचणी खऱ्या आहेत, पण म्हणून तो पर्याय रुग्णापुढे मांडायचाच नाही, हे मला पटत नाही.

अनेक गाठी असतील तर धमनीतून केमोएम्बोलायझेशन करतात, म्हणजे गाठीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा बंद करतात. यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेत आजार शिरला असेल तर चित्र गंभीर असतं, हे मी नाकारत नाही. तिथेही अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही औषधांची जोडी २०२० पासून जुन्या सोराफेनिबपेक्षा जास्त आयुष्य देते आहे. तीच औषधं गाठ परत येऊ नये म्हणून शस्त्रक्रियेनंतर आधीच देण्याचे प्रयत्न मात्र टिकले नाहीत. म्हणून सीटी आणि एएफपीची तपासणी चुकवू नये. तिच्यात दीड सेंटिमीटरची गाठ सापडली तर पाळतीचा उपयोग झाला असंच समजावं.

अशा वेळी फाईल उघडून आधी शस्त्रक्रियेची तारीख बघावी. मग गाठी किती, केवढ्या, शीर मोकळी आहे का, बिलिरुबिन किती, पोटात पाणी आहे का, हे विचारावं. ‘किती दिवस?’ हा प्रश्न त्यानंतरचा.