पाण्यावरचें इंजिन आणि त्याचें निदान

शाहूवाडी तालुका म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचा पावसाचा प्रदेश. आंबा घाट व विशाळगड यांच्या परिसरांत कोसळणारें पाणी कडवीच्या द्वारें वारणेस आणि वारणेच्या द्वारें कृष्णेस मिळतें. कासारीचें पाणी पंचगंगेस जातें. १९१९ सालीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत, या नद्यांनीं आपली मर्यादा सोडली, तेव्हां करवीर व शिरोळ तालुक्यांतील माणसें घरांतून बाहेर काढण्याचें काम इंजिन लावलेल्या होड्यांनीं केलें. अशा वेळीं होडी माणसांनीं भरलेली असावी, प्रवाह ओढीत असावा, आणि दोरीला दहादां हिसका देऊनहि इंजिनानें हूं कीं चूं करूं नये, या प्रसंगाची कल्पना करून पाहावी. जमिनीवरचें इंजिन बंद पडलें तर माणूस चालूं लागतो. पाण्यावर तो मार्ग नाहीं. म्हणूनच इंजिनाच्या दोषाचें निदान क्रमानें करण्याची विद्या पाण्यावर जितकी मोलाची, तितकी इतरत्र क्वचितच असेल.

या विद्येचा आपल्याकडील आरंभ वाफेच्या जहाजांपासून धरतां येतो. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघाली आणि वाटेंत कोळसा भरून घेत ३२ दिवसांनीं सुएझला पोंचली. वाफेच्या यंत्राचा एक गुण असा कीं, त्याचें बरेंचसें दुखणें उघड्यावर असे. विस्तव डोळ्यांना दिसे, पाण्याची पातळी दिसे, वाफ कोठून गळते तें कानांना कळे. या यंत्रांची देखरेख केवळ गोऱ्या माणसांनींच करावी असा समज असण्याच्या काळांत अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनीं १८४१ मध्यें मुंबईच्या आगबोट कारखान्याच्या मुख्य इंजिनियराचें पद मिळविलें आणि त्याच वर्षीं ते रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी सदस्य झाले. हें आपल्या शालेय पुस्तकांतून अजूनहि पुरेसें सांगितलें जात नाहीं.

पुढें विस्तव बाहेरून आंत गेला. ओट्टोनें १८७६ त चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें. जर्मनींतील डीझेलनें १८९७ त, हवा जोरानें दाबली असतां ती इतकी तापते कीं तेलाचा फवारा आपोआप पेटतो, हें तत्त्व इंजिनाच्या रूपानें दाखविलें. बॉशच्या कारखान्यानें १९०२ च्या सुमारास मॅग्नेटो व ठिणगीचा प्लग यांची जोडी बाजारांत आणली, आणि अमेरिकेंत एव्हिनरूडनें १९०९ पासून होडीच्या मागें टांगावयाचें इंजिन विकण्यास आरंभ केला. सोय वाढली, पण दुखणें बंद नळकांड्यांत दडलें. आतां आंत डोकावून पाहणें शक्य नव्हतें. बाहेरच्या खुणांवरून ओळखणें आलें. इंधन पोंचतें काय, हवेला दाब बसतो काय, आणि योग्य क्षणीं तें पेटतें काय, या तीन प्रश्नांपलीकडे चौथा प्रश्न सहसा नसतो.

हे तीन प्रश्न कोल्हापूरकडच्या खेड्यांत पुस्तकांतून आले नाहींत, नदीकांठच्या पंपाबरोबर आले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा. सातारा रोडच्या कूपर कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें घडविलीं. पुण्यास १९४६ त किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा उद्योग उभा राहिला. आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरांतील ओतशाळांनीं त्यांच्या सुट्या भागांवर आपली उपजीविका उभारली. तेथला मेस्त्री इंजिन सुरू होत नसे तेव्हां प्रथम हँडल हातीं घेत नसे. तो दाब सोडणारी कळ वर करी, चाक सावकाश फिरवी आणि नोझलपाशीं कान नेई. ‘कर्र’ असा आवाज आला, तर तेल येत आहे. आवाज नसेल, तर नळींत हवा शिरलेली. नळीचा नट थोडा सैल करावयाचा, फेस येऊन जाऊं द्यावयाचा, आणि निर्भेळ तेल वाहूं लागलें कीं आवळावयाचा. अनेकांना इंग्रजी अक्षरहि येत नसे, पण क्रम मात्र चुकत नसे.

आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर गेलें, कीं पाण्यावरून मोटारसायकलप्रमाणें धांवणारीं छोटीं वाहनें दिसतात. अमेरिकेंतील क्लेटन जेकबसन यांची ही कल्पना, आणि कावासाकी कंपनीनें तिचें वाहन १९७३ त विकावयास आणलें. बाहेर पंखा नाहीं; आंतील पंप पाणी ओढून मागें फेकतो. हें वाहन सुरू झालें नाहीं, तर आधीं हातांतील दोरीची चिमटी जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें. ती निसटली म्हणजे इंजिन बंद राहावें अशीच योजना असते. नंतर बटण दाबून ऐकावें. नुसती ‘टक्’ झाली, तर बॅटरीकडे व तारांच्या जोडांकडे पाहावें. खारें पाणी जोड झपाट्यानें खातें. इंजिन फिरत असून पेटत नसेल, तर आसन उघडून पेट्रोलची वाफ जाऊं द्यावी आणि मग प्लग काढून त्याचें टोंक पाहावें. कोरडें असेल, तर पेट्रोल पोंचत नाहीं. टाकी, तोटी व गाळणी तपासावी. पेट्रोलनें भिजलेलें असेल, तर पेट्रोल येतें, पण एक तर ठिणगी नाहीं किंवा तें प्रमाणाबाहेर आलें आहे. पुराच्या कामांतील होडीच्या पेट्रोल इंजिनासहि हेंच लागूं. तेथें टाकीच्या झांकणावरील हवेचा स्क्रू आणि नळीवरचा रबरी फुगा हे दोन आधिक पाहावयाचे.

टोंकावर पाण्याचा थेंब दिसला तर मात्र हात आंवरावा. पाणी हवेप्रमाणें दबत नाहीं. नळकांडें पाण्यानें भरलें असतां बटण दाबीत राहणें म्हणजे दट्ट्याचा दांडा वांकवून घेणें. सर्व प्लग बाहेर ठेवून इंजिन फिरवावें, पाणी उडून जाऊं द्यावें, कोरडे प्लग बसवावे, आणि सुरू झालेलें इंजिन कांहीं वेळ चालूं ठेवावें, म्हणजे आंतील ओल जाऊन गंज धरत नाहीं. पुराच्या होड्यांना आणखी एक रोग जडतो, तो आळसाचा. वर्षाचे दहा महिने त्या शेडमध्यें पडून राहतात, कार्ब्युरेटरांतील पेट्रोल चिकट होतें आणि केसाएवढें भोंक बुजतें. तें उघडून धुण्यास एखादा तास पुरतो. मात्र तो तास जूनच्या आधीं काढावा लागतो.