औरंगाबादेतील भाडेनियंत्रण व नवागत भाडेकरू

१९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तथापि औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) भाडेकरूस मुंबईचा १९४७ चा कायदा लागू झाला नाही. हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडेनियंत्रण कायदाच येथे चालू राहिला. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला, तेव्हा हा भेद संपला. परंतु असे कायदे राहत्या भाडेकरूस संरक्षण देतात, नवी घरे निर्माण करीत नाहीत. १९७२ पासून सिडकोने येथे अल्प उत्पन्न गटांसाठी घरे उभारली, तीही मुख्यतः विक्रीसाठी. परिणामी चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांत आलेल्या अनेक कामगारांना खाजगी घरमालकाच्या खोलीचाच आश्रय घ्यावा लागला. निष्कासनाचे भय कायद्याने कमी केले. प्रथम निवाऱ्याचा प्रश्न मात्र बाजारावरच राहिला.