आपल्याच गड्यांची हुर्यो

प्रश्न दिसायला साधा आहे. आपल्या पेठेचा, आपल्या गावाचा किंवा आपल्या देशाचा संघ मैदानात उतरला आणि वाईट खेळला, तर आपणच त्याची हुर्यो उडवावी काय? एक पक्ष म्हणतो, तिकिटाचे पैसे आम्ही मोजले, उन्हात आम्ही बसलो. तेव्हा टाळी जशी आमची तशी शिट्टीही आमची. दुसरा पक्ष म्हणतो, आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरच्या माणसाला चव्हाट्यावर बोल लावू नये. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच निवाडा एका वाक्यात होत नाही. आम्ही शाळेत थोडे शिकलो आणि कारखान्यांच्या दारांत पुष्कळ शिकलो. तेथे एक गोष्ट पक्की कळली ती अशी की, ओरडण्याचा हक्क आहे की नाही हा निम्माच प्रश्न असतो. कोणावर ओरडायचे हा उरलेला निम्मा, आणि अवघड तोच.

या प्रश्नाचा इतिहास पाहायचा तर कोल्हापूरकराला दूर जावे लागत नाही. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे पुरातन रंगण पाहिले. तसे काही आपल्या मल्लांसाठी असावे हे त्यांच्या मनाने घेतले आणि १९०७ साली खासबागेत काम सुरू होऊन १९१२ साली मैदान उभे राहिले. इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती तेथे पहिल्यानेच झाली. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेला उतार, अशी या मैदानाची रचना. पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही. सर्वांत मागे बसलेल्या हमालालाही हौद्यातली पकड स्वच्छ दिसते. आता ज्याला स्वच्छ दिसते तो मत बनवतो, आणि ज्याचे मत बनते तो ते बोलून दाखवतो. खासबागेचा प्रेक्षक बोलका झाला, त्याचे कारण आम्हांला त्या उतारात दिसते.

पण हा बोलका प्रेक्षक हुर्यो कधी उडवतो, ते नीट पाहिले पाहिजे. मल्ल चितपट झाला म्हणून नव्हे. मातीत पडलेला गडी जर अखेरपर्यंत झुंजला असेल, तर त्याच्याही पाठीवर थाप पडते, त्याच्याही हातावर इनामाचे रुपये ठेवले जातात. हुर्यो उडते ती खडाखडी करून वेळ काढणाऱ्यांची. दोघे नुसते मानेवर हात टाकून फिरू लागले की उतारावरून आवाज येतो, ‘कुस्ती निकाली करा!’ आणि कुस्ती नुरा आहे, म्हणजे आधी ठरवून आलेली आहे, असा वास आला तर मग मल्ल गंगावेशीचा आहे की मोतीबागेचा हे कोणी विचारीत नाही. हरणे हा गुन्हा नाही, न लढणे हा गुन्हा आहे, असा हा मातीतला कायदा. तो कोणी लिहून ठेवलेला नाही; पण आमच्या मते या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यातच आहे.

याच कायद्याने ‘घरचा’ म्हणजे कोण हेही ठरवले. शाहू महाराजांनी पंजाबच्या मल्लांना आश्रय दिला आणि कोल्हापूरने त्यांना आपले म्हटले. पुढे सांगली जिल्ह्यातून आलेले गणपतराव आंदळकर आणि उत्तर प्रदेशातून आलेले दीनानाथसिंह हे दोघेही हिंदकेसरी कोल्हापूरचेच म्हणून ओळखले गेले. ज्याने येथल्या तालमीत घाम गाळला तो घरचा, मग त्याचा जन्म कोठेही झालेला असो.

हरलेल्या माणसाला गावाने पाठीशी घेतले तर काय होते, याचा दाखला खाशाबा जाधवांचा आहे. गोळेश्वरचा हा मुलगा राजाराम कॉलेजात शिकला. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला आणि सहावा आला. मातीत वाढलेल्या मल्लाला तेथली गादी नवी होती. सहावा क्रमांक म्हणजे पदक नाही, मिरवणूक नाही. तरीही १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताच्या कोणाही एका खेळाडूने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पदकानंतर बैलगाड्या जुंपणे सोपे असते. सहाव्या क्रमांकाच्या माणसासाठी घर गहाण टाकणे, याला आम्ही घरच्या संघाचे प्रेम म्हणतो.

आता याच्या उलट बाजू पाहू. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली १९७१ साली भारताने प्रथम वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवले. मुंबईत विमानतळापासून मोटारींची मिरवणूक निघाली. मराठी वस्ती मोठी असलेल्या इंदूर शहरात विजयाची खूण म्हणून काँक्रीटची भली मोठी बॅट उभी राहिली. १९७४ साली तोच कर्णधार इंग्लंडात तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सारा संघ ४२ धावांत बाद झाला. लगेच वाडेकरांच्या घरावर दगड आले आणि इंदूरची ती बॅट विद्रूप करण्यात आली. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळले आणि त्यांनी खेळ सोडला. ओळीने तीन मालिका जिंकणारा कर्णधार एका उन्हाळ्यात नालायक कसा झाला, हे दगड मारणाऱ्यांना कोणी विचारले नाही. संघाची निवड, सरावाची व्यवस्था, मंडळाचा कारभार यांवर एक खडाही पडला नाही. कारण मंडळाचे घर कोठे आहे ते लोकांना ठाऊक नसते, कर्णधाराचे असते.

मार्च २००६ मध्ये वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध सचिन तेंडुलकर २१ चेंडूंत १ धाव काढून परतला, तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. तीनच महिन्यांपूर्वी त्याने दिल्लीत ३५ वे कसोटी शतक काढून गावसकरांचा विक्रम मागे टाकला होता. हा मुंबईचाच मुलगा, हे मुंबईचेच मैदान. तो लढला नव्हता काय? लढला होता, जमले नव्हते. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये याच मैदानावर त्याने निरोप घेतला, तेव्हा सारे मैदान रडत होते. त्या रडणाऱ्यांत २००६ चे शिट्टीवाले नसतीलच, असे कोण म्हणेल?

आणि अगदी अलीकडची गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सच्या चालकांनी रोहित शर्माला कर्णधारपदावरून दूर करून हार्दिक पांड्याला नेमले. हार्दिक याच संघात वाढलेला, मध्यंतरी गुजरातकडे जाऊन तेथे विजेतेपद मिळवून परत आलेला. लोकांना रोहितबद्दल वाईट वाटले, यात गैर काही नाही. पण १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर नाणेफेकीलाच घरच्या प्रेक्षकांनी हार्दिकवर असा गदारोळ केला की, संजय मांजरेकरांना त्यांना नीट वागण्याविषयी बजावावे लागले. पुढे सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणारा रोहित स्वतःच हात करून लोकांना आवरताना दिसला. ज्याच्यासाठी भांडण, तोच भांडण थांबवीत होता! तो संघ त्या हंगामात दहांत दहावा आला. मग २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक हार्दिकने टाकले आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा त्याच्याच नावाचा घोष झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता.

आमचा मुद्दा हार्दिक चांगला की वाईट हा नाही. कर्णधार बदलण्याचा निर्णय त्याने ऐकला आणि स्वीकारला. घेतला तो चालकांनी. शिट्ट्या मात्र त्याच्या वाट्याला आल्या. याला आपल्या भाषेत म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. कोणी म्हणेल, कोट्यवधी रुपये घेणारा कसला संन्यासी आणि कसला कामगार? तुमच्या चळवळीतल्या तराजूने त्याला तोलू नका. त्यावर आमचे उत्तर असे की, पगार मोठा असला म्हणून निर्णयाचा अधिकार हाती येत नाही. जाब त्याला विचारावा ज्याच्या हाती अधिकार आहे. फोरमनच्या चुकीसाठी यंत्रावरच्या माणसाला दंड करणे अन्याय असेल, तर त्या माणसाचा पगार किती, याने तो अन्याय न्याय होत नाही.

योग्य जागी जाब विचारला गेल्याचे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. मुंबई-पुण्याच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज पाळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण जातीने चांभार, म्हणून कर्णधारपद त्याच्यापासून दूरच राहिले. १९२० साली तर त्याला संघातूनच वगळले. तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी संप केला. लोकमतही हलले. शेवटी बाळूला उपकर्णधार म्हणून परत घ्यावे लागले आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला. संघ जिंकला, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. येथे राग कमी नव्हता. पण त्याचे तोंड निवड करणाऱ्यांकडे होते.

ही रीत जुनी आहे. शाहू महाराजांनी पाहिलेल्या त्या रोममध्ये रथांच्या शर्यतींना जमलेले लोक धान्य आणि कर यांविषयीची गाऱ्हाणी थेट सम्राटाच्या आसनाकडे तोंड करून ओरडत. त्याबद्दल काहींना प्राणही द्यावे लागले. आणि आपल्याच काळात, ६ फेब्रुवारी २०१६ रोजी, इंग्लंडातल्या लिव्हरपूल गावी काय झाले ते पाहा. फुटबॉल संघाच्या मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करायचे ठरवले. गोदी कामगारांच्या त्या गावातले हजारो प्रेक्षक बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. त्या वेळी त्यांचा संघ दोन गोलांनी पुढे होता! खेळाडूंना कोणी वाईट शब्द बोलले नाही. थोड्याच दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. सभात्याग कसा करावा, हे त्या लोकांकडून आम्हीही शिकावे.

आता आपल्या शाहू स्टेडियमकडे या. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस ही नावे नुसत्या संघांची नाहीत, ती पेठांची आणि तालमींची आहेत. त्यामुळे आपल्याकडे फुटबॉलचे प्रेम अस्सल, आणि हुल्लडही तितकीच अस्सल. प्रेक्षकांच्या मारामाऱ्यांपायी सामने थांबले, पोलिसांचा बंदोबस्त वाढला, आणि नुकसान झाले ते खेळणाऱ्या पोरांचे. आपल्याच पेठेच्या पोराने सोपा गोल घालवला की त्याच्या आईबापांचा उद्धार होतो. आणि ते आईबाप पलीकडच्या गल्लीतच राहतात. नोकरी, शिक्षण किंवा बापाचा धंदा सांभाळून खेळणारा तो पोरगा दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून कामाला जातो. मोठ्या शहरातली शिट्टी गर्दीत विरून जाते. गावातली शिट्टी दारापर्यंत येते.

संघटनेच्या कामातही आम्ही हे पाहिले आहे. वर्गणी भरणाऱ्या सभासदाला पुढाऱ्याला जाब विचारण्याचा हक्क आहे. तो नसेल तर ती संघटना नव्हे, जहागीर. पण संप फसला की गेटवर उपाशी उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्याला शिव्या देणारे आणि त्याच वेळी मालकाच्या गाडीला वाट करून देणारे, हे पुष्कळदा एकच लोक असतात. त्यांचा राग खोटा नसतो. तो जवळच्या, हाताशी सापडणाऱ्या माणसावर निघतो एवढेच.

म्हणून आमचा निवाडा असा. घरच्या संघाची हुर्यो उडवू नयेच, असे आम्ही म्हणत नाही. संघ लढलाच नाही, सामना विकला, किंवा समोरच्याशी नीच वागला, तर ती उडवावी, आणि परक्यांच्या आधी आपण उडवावी. कारण नाव आपले जाते. पण लढून हरलेल्याची उडवू नये. कोणाच्या जातीवर, धर्मावर, घरावर तर कधीच नको. आणि दोष कारभाऱ्यांचा असेल तर मान वळवून त्यांच्या खुर्च्यांकडे पाहावे, तेथे आवाज पोचवावा, अर्ज द्यावा, सभा भरवावी, वेळ आली तर उठून जावे. त्याला शिट्टीपेक्षा जास्त कष्ट पडतात हे खरे. ते कष्ट घेण्याची तयारी असेल, तर संघ आपला म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे.