मताचे मोल : धाराशिवची आणि अमेरिकेची कहाणी

निवडणूक आली की आपल्या घराघरांतून उमेदवारांची चर्चा होते, मताची मात्र क्वचितच. बोटाला शाई लावून आपण परततो आणि हा हक्क जणू अनादिकालापासून चालत आला आहे असे मानतो. वस्तुतः आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात तो अगदी अलीकडचा आहे. त्याची कहाणी वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. सोबतीला अमेरिकेचे उदाहरण घेतो, कारण दूरच्या आरशात आपला चेहरा कधी कधी अधिक स्वच्छ दिसतो.

अमेरिकेचे प्रजासत्ताक जन्मले तेव्हा मताचा हक्क बहुतेक राज्यांत जमीनजुमला असणाऱ्या किंवा कर भरणाऱ्या पुरुषांपुरताच होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ही अट एकेका राज्याने काढून टाकली. १८२४ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी चौघे उभे राहिले. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ निर्वाचक मते मिळाली, तर जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४. स्पष्ट बहुमत कोणालाच नसल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि फेब्रुवारी १८२५ मध्ये ॲडम्स निवडले गेले. पाठिंबा देणाऱ्या हेन्री क्ले यांना त्यांनी परराष्ट्रमंत्री केले, तेव्हा जॅक्सन यांच्या अनुयायांनी ‘भ्रष्ट सौदा’ म्हणून गदारोळ उठविला. चार वर्षांनी त्याचे उत्तर मिळाले. १८२४ मध्ये सुमारे साडेतीन लाख लोकांनी मत दिले होते. १८२८ मध्ये अकरा लाखांहून अधिक लोकांनी दिले आणि जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ अशा निर्वाचक मतांनी विजयी झाले. सामान्य माणसाचे राज्य आले, असे लोक म्हणू लागले.

त्या काळी आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे गेला आणि १८६० साली निजामाकडे परत आला. राजा बदलला काय किंवा परत आला काय, रयतेला कोणी विचारले नाही. संस्थानाचा फार मोठा भाग जहागिरी, पायगा आणि निजामाची खाजगी मालमत्ता म्हणजे सर्फ-ए-खास यांत विभागलेला होता. १९३९ साली राजकीय सुधारणांची घोषणा झाली खरी. परंतु त्यांतील प्रतिनिधित्व व्यवसायांच्या व हितसंबंधांच्या गटांनुसार वाटलेले होते. माणूस म्हणून माणसाची मोजणी त्यात नव्हती. १९४६ च्या अखेरीस निवडणुका झाल्या, त्यांवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला.

जबाबदार राज्यपद्धतीची मागणी ज्यांनी निर्भयपणे मांडली त्या स्वामी रामानंद तीर्थांचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक होते. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली. सत्याग्रह करून स्वामीजी तुरुंगात गेले. दुसऱ्या टोकाला रझाकारांचा नेता कासीम रझवी उभा राहिला. तोही लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. रझाकारांच्या जुलमाने गावेच्या गावे सीमेपलीकडे गेली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने आत आले आणि पाच दिवसांत निजामी सत्ता संपली.

येथे एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुक्तीनंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस या भागाचा दौरा केला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे नाव घातले. मृतांची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी, असा चारही जिल्ह्यांसह संस्थानाविषयीचा तिचा अंदाज होता. सरदार पटेलांना तो अहवाल मान्य झाला नाही आणि तो दीर्घकाळ अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे पाप सांगावे आणि हे झाकावे, किंवा हे सांगावे आणि ते झाकावे, दोन्ही सत्याशी प्रतारणा होय.

त्यानंतर घडले ते मात्र विलक्षण होते. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या राज्यघटनेने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत दिले. जमिनीची अट नाही, अक्षरओळखीची नाही, धर्माची वा जातीची नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह. लिहिता न येणाऱ्यानेही चिन्ह ओळखावे आणि आपली पत्रिका त्या पेटीत टाकावी. हैदराबादच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. ९३ काँग्रेसला मिळाल्या आणि बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. जहागीरदार आणि त्याच्या शेतावरील मजुरीण यांचे मत सारखेच मोजले गेले.

अमेरिकेत असे झाले नव्हते. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्या पुरुषांवरील मालमत्तेची अट उठविली, पण काळ्या पुरुषांवर अडीचशे डॉलरांची कायम ठेवली. स्त्रिया बाहेरच होत्या. लक्षावधी माणसे तर गुलामीत होती. लोकांच्या मतांनी निवडून आलेल्या जॅक्सन यांनीच १८३० मध्ये मूळ रहिवाशांना हुसकावण्याच्या कायद्यावर सही केली. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना सक्तीने पश्चिमेकडे हाकलण्यात आले. त्या वाटेवर व छावण्यांत सुमारे चार हजार माणसे मेली असावीत.

या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. कोण मोजला जातो, हा लोकशाहीचा पहिला प्रश्न आहे. मोजणीत जे थोडे भरतात त्यांचे काय, हा दुसरा. अमेरिकेने पहिल्याचे अर्धे उत्तर दिले आणि दुसऱ्याकडे पाठ फिरविली. आपण पहिल्याचे उत्तर एका फटक्यात पूर्ण दिले. परंतु १९४८ च्या शरदात दुसरा प्रश्न आपल्याच शिवारात रक्ताने लिहिला गेला होता. म्हणूनच घटनेने मताच्या जोडीला मूलभूत हक्कही दिले. बहुमताने राज्य कोणी करावे हे ठरते. शेजाऱ्याने जगावे की नाही हे बहुमताने ठरत नाही.

पुढील मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहताना आपल्या पुढे आणि मागे कोण उभे आहे, इकडे जरा पाहावे. त्या माणसाचे मत आपल्या मताएवढेच आहे. त्याचे जीवितही आपल्या जीविताएवढेच आहे.