मका आला, चुना मागे राहिला

दिवाळीच्या पहाटे तेल, उटणे, शिकेकाई लावून आपण अंगाची कांती उजळतो. परंतु कातडीचे खरे उटणे चुलीवर शिजत असते, ही गोष्ट जगाला फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. त्याचीच ही हकीकत.

१७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याला गरीब शेतकऱ्यांत एक विचित्र विकार दिसला. उन्हात उघडे पडणारे हातपाय लाल होऊन खरखरीत होत. गळ्याभोवती कंठा घातल्यासारखा पट्टा उमटे. पुढे जुलाब, बुद्धिभ्रंश आणि मृत्यू! १७७१ मध्ये इटलीत फ्रापोल्लीने त्याला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, असे नाव दिले. दोन्हीकडच्या रोग्यांचे मुख्य अन्न एकच होते: मका.

मका मूळचा अमेरिकेचा. मेक्सिकोतले लोक तो पिढ्यान्‌पिढ्या खात आले. पण त्यांना ही व्याधी सहसा जडली नाही. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच वाटत. त्यामुळे दाण्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होई. युरोपने दाणा उचलला. रीत मात्र तिथेच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने थैमान घातले. पुष्कळ डॉक्टर तो सांसर्गिक मानीत. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी धाडले. वेड्यांच्या इस्पितळांत हा रोग रोग्यांना होतो, परिचारकांना होत नाही, हे त्यांनी हेरले. अनाथाश्रमांतील मुलांना दूध, अंडी, मांस मिळू लागताच तो ओसरला. १९१५ मध्ये मिसिसिपीतील ११ कैदी माफीच्या बोलीवर निकृष्ट आहारावर राहिले. त्यांतील ६ जणांना पेलाग्रा झाला. तरीही शंकेखोर हटेनात. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. पत्नी मेरी यांनीही घेतले. रोग कोणालाच झाला नाही. १९२९ मध्ये ते वारले. रोग बरा करणारे द्रव्य एल्व्हेजेम यांनी ओळखले ते १९३७ मध्ये.

आपल्या दख्खनच्या पठारावरही मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग आढळला. हैदराबादेत गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याच्या कारणांचा माग घेतला. भाकरी बिचारी पोट भरते. पण तिच्या जोडीला दूध, डाळ, शेंगदाणे यायचे, ते दारिद्र्यामुळे येत नाहीत. ताटात काय कमी पडले, ते मग कातडी बोलून दाखवते.

म्हणून, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाणाऱ्या मुलांवर यंदा कोणी रागावू नये!