माओरी समाज व ब्रिटिश वसाहतवाद

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांच्या भूमिव्यवस्थेवर, भाषेवर व समाजजीवनावर ब्रिटिश वसाहतीचे झालेले परिणाम. या परिणामांत युद्धांचा वाटा मोठा होता. तथापि करार, न्यायालय आणि शाळा या शांततेच्या काळातील संस्थांनी माओरी समाजाचा पाया अधिक खोलवर खचविला.

माओरींचे पूर्वज पूर्व पॉलिनीशियातून तेराव्या शतकाच्या सुमारास नौकांतून न्यूझीलंडला आले. व्हानाऊ (विस्तारित कुटुंब), हापू (कुलसमूह) आणि ईवी (जमात) अशी त्यांची समाजरचना होती. जमीन ही कोणा एका व्यक्तीची मालमत्ता नसे. पूर्वजांशी असलेले नाते, प्रत्यक्ष वहिवाट आणि समूहाचे संरक्षण यांवरून तिच्यावरील हक्क ठरत. एकाच वनात शिकार, मासेमारी व लागवड यांचे हक्क निरनिराळ्या गटांकडे असू शकत. डच दर्यावर्दी आबेल टास्मान १६४२ मध्ये व इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक १७६९ मध्ये येथे पोहोचला. त्यानंतर देवमाशांचे शिकारी, व्यापारी व १८१४ पासून ख्रिस्ती मिशनरी येऊ लागले. त्यांच्याबरोबर बंदुका आल्या, तसेच गोवर, इन्फ्ल्यूएंझा व डांग्या खोकला हे रोगही आले. कुकच्या वेळी सुमारे एक लाख असावी असा अंदाज असलेली माओरींची संख्या १८९६ च्या जनगणनेत सुमारे ४२,००० भरली.

वाइटांगी करार : ब्रिटिश राजसत्तेचा प्रतिनिधी विल्यम हॉब्सन व माओरी प्रमुख यांच्यात ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइटांगी येथे करार झाला. पुढील काही महिन्यांत पाचशेहून अधिक प्रमुखांनी त्यास मान्यता दिली; त्यांतील बहुतेकांच्या सह्या माओरी संहितेवर आहेत. इंग्रजी संहितेनुसार प्रमुखांनी सार्वभौमत्व राणीच्या स्वाधीन केले. हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने केलेल्या माओरी अनुवादात मात्र तेथे ‘कावानाटांगा’, म्हणजे कारभार पाहण्याचा अधिकार, असा शब्द आहे. आणि आपल्या भूमीवरील ‘रांगाटिराटांगा’, म्हणजे प्रमुखांचा पूर्ण अधिकार, माओरींकडेच ठेवला आहे. एका पक्षाने जे मिळविले असे मानले, ते दुसऱ्या पक्षाने दिलेच नव्हते. पुढील संघर्षाचे बीज या शब्दांत होते. १८७७ मध्ये वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाने तर हा करार कायद्याच्या दृष्टीने शून्यवत ठरविला.

भूमिहरण : वसाहतवाल्यांची जमिनीची मागणी वाढू लागताच काही जमातींनी जमीनविक्रीस विरोध करण्यासाठी १८५८ मध्ये पोटाटाऊ ते व्हेरोव्हेरो यास राजा म्हणून निवडले. १८६० मध्ये तारानाकी व १८६३ मध्ये वायकाटो प्रदेशांत युद्धे पेटली. १८६३ च्या कायद्यान्वये बंडखोर ठरविलेल्या जमातींची भूमी जप्त करण्यात आली. एकट्या वायकाटोत सुमारे १२ लाख एकर जमीन गेली. ब्रिटिशांच्या बाजूने राहिलेल्या काही गटांच्या जमिनीही सुटल्या नाहीत. तारानाकीतील पारिहाका येथे ते व्हिटी व टोहू या नेत्यांनी जप्त भूमीत नांगर घालून निःशस्त्र प्रतिकार केला. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १,६०० सशस्त्र शिपायांनी हे गाव ताब्यात घेतले आणि दोन्ही नेत्यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले.

जप्तीपेक्षाही व्यापक परिणाम १८६५ च्या कायद्याने दृढ झालेल्या भूमी न्यायालयाचा झाला. सामूहिक हक्कांचे व्यक्तिगत मालकीत रूपांतर करणे हे त्याचे कार्य होते. प्रारंभी एका भूखंडावर सामान्यतः दहापर्यंतच नावे नोंदविली जात. समूहाचे विश्वस्त म्हणून पुढे आलेले हे लोक कायद्याने मालक ठरले व त्यांना जमीन विकता येऊ लागली. उरलेल्यांचे हक्क बुडाले. न्यायालयात हजर न राहणाऱ्याचा दावा जाई. हजर राहणाऱ्यास मोजणीचा, वकिलांचा व दूरच्या गावातील मुक्कामाचा खर्च करावा लागे आणि त्यापायी झालेले कर्ज पुष्कळदा तीच जमीन विकून फेडावे लागे. १८७३ नंतर सर्व हक्कदारांची नावे नोंदविण्यात येऊ लागली. पण प्रत्येकाचा हिस्सा विक्रीयोग्य झाल्याने सामूहिक निर्णयाची परंपरा आणखी दुबळी झाली.

भाषा व संस्कृती : १८६७ च्या कायद्याने माओरी गावांत सरकारी शाळा सुरू झाल्या. मुलांना इंग्रजी यावे म्हणून अनेक गावांनी त्यांसाठी स्वतः जमिनी दिल्या. तथापि कालांतराने शाळेच्या आवारात माओरी बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. १९०७ च्या कायद्याने ‘टोहुंगा’ या पारंपरिक वैद्य-पुरोहितांच्या व्यवसायावर बंदी आली. ती १९६२ पर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी मोठ्या संख्येने शहरांत गेले. १९१३ मध्ये सुमारे ९० टक्के माओरी शाळकरी मुलांना मातृभाषा बोलता येई. १९७५ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली आले.

पुनरुत्थान : १९७२ मध्ये शाळांत माओरी भाषा शिकवावी अशी मागणी करणारा, तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेस सादर झाला. १९७५ मध्ये व्हिना कूपर या वृद्ध नेत्रीने उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत भूमिमोर्चा नेला. त्याच वर्षी कराराच्या भंगाची चौकशी करणारे वाइटांगी न्यायाधिकरण स्थापन झाले व १९८५ मध्ये १८४० पासूनच्या तक्रारी त्याच्या कक्षेत आल्या. १९८२ मध्ये माओरी भाषेतील बालशाळा निघाल्या आणि १९८७ मध्ये माओरीस अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. १९९५ मध्ये वायकाटो जमातींना काही भूमी, १७ कोटी न्यूझीलंड डॉलर मूल्याची भरपाई व राजसत्तेची औपचारिक क्षमायाचना मिळाली. २०१७ च्या कायद्याने व्हांगानुई नदीस विधिमान्य व्यक्तित्व मिळाले. नदी ही मालमत्ता नसून पूर्वज आहे, या माओरी धारणेस त्यामुळे कायद्यात स्थान लाभले. २०२३ च्या जनगणनेत माओरींची संख्या ८,८७,४९३ होती. अशा भरपाईतून परत मिळालेली भूमी मात्र गमावलेल्या भूमीचा अल्पांशच आहे. एकेकाळी शून्यवत ठरलेला करारच या समाजाच्या हक्कांचा प्रमुख आधार बनला आहे.