मोटारीचा दिवा आणि मुळशीचे धुके

माझ्या आजीने आयुष्यात पाहिलेला पहिला विजेचा दिवा घरातला नव्हता की रस्त्यावरच्या खांबावरचा नव्हता. तो मोटारीच्या कपाळावरचा होता. मुळशीच्या धरणाचे काम तेव्हा चालू होते आणि साहेबलोकांच्या मोटारी पौडाकडून मालेवरून जात. त्यांतली एक एके दिवशी दिवेलागणीनंतर गेली. गोठ्याच्या दाराशी उभी असलेली आजी, तेव्हा दहा-बारा वर्षांची पोर, डोळ्यांवर हात घेऊन खाली बसली. "दिसलं काय, तर काहीच नाही," असे ती सांगे. "नुसतं पांढरं. आणि मोटार गेल्यावर त्याहून काळं." मोटारीच्या दिव्यांविषयी पुढे जे जे माझ्या वाचनात आले, त्यात या दोन वाक्यांइतके नेमके वर्णन मला क्वचितच आढळले.

त्या काळी मुळशी पेट्यात उजेडाचा विषय साधा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. 3 फेब्रुवारी 1925 रोजी तर बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची आगगाडीही धावू लागली. टाटांच्या कंपनीने खोपोलीला 1915 साली आणि भिवपुरीला 1922 साली वीजघर चालू केले आणि तिसऱ्यासाठी मुळेचे खोरे निवडले. पूर्वेकडे वाहणारी मुळा अडवायची, तिचे पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडायचे, आणि त्या पाण्याने चक्रे फिरवायची, अशी ती योजना. पाण्याखाली जाणार होती ती पन्नासवर गावे आणि आंबेमोहोराची खाचरे. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले, विनायकराव भुस्कुटे आणि कितीतरी बायाबापड्या तुरुंगात गेल्या. 1924 अखेर लढा संपला. 1927 साली भिऱ्याची वीज मुंबईला पोहोचली. तलावाच्या काठची बरीच गावे मात्र त्यानंतर कित्येक दशके रॉकेलच्या चिमणीवरच होती. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

हे सारे मोटारीच्या दिव्याच्या लेखात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: उजेड किती, हा नव्हे, उजेड कोणासाठी आणि कोणाच्या डोळ्यांवर. मोटारीच्या दिव्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

मुंबईत मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. पहिल्या हिंदी मोटारमालकांत जमशेटजी टाटांचे नाव सांगतात. त्या मोटारींना विजेचे दिवे नव्हते. घोडागाडीचे तेलाचे कंदील तेच मोटारीला लावत, आणि ते रस्ता दाखवण्यापेक्षा 'मी येथे आहे' एवढे सांगण्याच्याच कामाचे होते. पुढे आली कार्बाइडची बत्ती. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडायचे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि नळीच्या तोंडाशी तो पांढराशुभ्र जळायचा. जत्रेत पालांच्या दुकानांतून या बत्त्या पुष्कळ वर्षे दिसत. लसणासारखा तो उग्र वास आठवणारी माणसे अजून आहेत. ज्योतीमागे आरसा बसवला की उजेड चांगला लांब जाई. तेल संपले तर कंदील विझतो तसे इथे पाणी संपले की दिवा विझे, ही एक गंमत.

विजेचा दिवा मोटारीवर लवकर टिकेना, कारण जुन्या बल्बातली कोळशाची तार खड्ड्यांचे हिसके सोसत नसे आणि वीज तयार करणारे यंत्र गाडीत मावत नसे. टंगस्टनची चिवट तार काढता येऊ लागली आणि 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकदम आले, तेव्हा हा अडसर दूर झाला. आणि तो दूर होताच दुसरा उभा राहिला. आजी खाली बसली तो हाच.

समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काय काय केले नाही लोकांनी! काचेला कागद चिकटवले, दिव्यापुढे जाळ्या बसवल्या, तारेने ओढून आरसाच खाली झुकवायची सोय केली. खरी युक्ती जर्मनीत निघाली. ओसरामने 1925 साली 'बिलक्स' नावाचा बल्ब बाजारात आणला. त्यात एकाऐवजी दोन तारा होत्या. एक आरशाच्या बरोबर केंद्रात, तिचा झोत सरळ दूर जाई. दुसरी किंचित पुढे, आणि तिच्याखाली लहानशी धातूची वाटी. ही वाटी आरशाच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा उजेड अडवी. आरशाचा खालचा अर्धा भाग उजेड वर फेकतो. तोच अडवल्यामुळे झोत फक्त खाली, रस्त्यावर पडे. आपले ड्रायव्हर ज्याला अप्पर आणि डिपर म्हणतात ते हेच. नखाएवढी ती वाटी मला मोटारीतल्या सगळ्या शोधांत सभ्य वाटते. ती उजेड वाढवीत नाही, अडवते.

पुढे 1950 च्या दशकात युरोपात डिपरचा झोत एका बाजूला थोडा उचलला गेला: समोरच्याच्या बाजूला सपाट, आपल्या कडेला वर, म्हणजे कडेने चालणारा माणूस लवकर दिसावा. आपण डावीकडून चालतो म्हणून आपल्याकडे तो डावीकडे उचललेला हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशातला दिवा आणून येथे बसवला की तो उचललेला झोत नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बाहेरून आलेल्या सगळ्याच गोष्टी येथे जशाच्या तशा चालत नाहीत.

आमच्याकडे मात्र बराच काळ याहून साधे उपाय चालत. 1965 आणि 1971 च्या युद्धांत ब्लॅकआउट झाला तेव्हा मोटारींच्या काचांची वरची अर्धी बाजू काळी रंगवावी लागे. युद्धे संपली तरी दिव्याच्या मध्यभागी काळा ठिपका किंवा वर काळी पट्टी रंगवण्याची चाल कितीतरी वर्षे राहिली. ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' हे चार शब्द रंगवलेले असत, आणि इंग्रजी अक्षर न ओळखणाऱ्यालाही त्यांचा अर्थ ठाऊक असे.

आता बल्बाकडे वळू, कारण आजची सगळी धडपड त्याच्याभोवती आहे. साध्या बल्बात तार जितकी तापवावी तितका उजेड अधिक आणि पांढरा. पण तितकेच टंगस्टन उडून काचेवर बसते, काच काळवंडते आणि तार तुटते. दाब शंभरात पाचने वाढवला तर उजेड सतरा-अठरा टक्के वाढतो आणि बल्बाचे आयुष्य निम्म्यावर येते. 1959 च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी बल्बात आयोडिनची वाफ घालून हे कोडे सोडवले. उडालेले टंगस्टन या वाफेशी संयोग पावते आणि तापलेल्या तारेजवळ येताच पुन्हा तिच्यावर बसते. हाच हॅलोजन. मोटारीत तो युरोपात 1962 साली आला, आणि दोन तारांचा एच-फोर बल्ब 1971 साली. त्याची प्रमाण शक्ती 60 व 55 वॅट.

बाजारात मात्र त्याच साच्याचा 100 व 90 वॅटचा बल्ब सर्रास मिळतो. अप्परच्या तारा एकट्या धरल्या तरी दोन दिव्यांना दहा अँपियरच्या जागी सोळा-सतरा अँपियर लागतात. कंपनीने घातलेली बारीक तार तापते, स्विच वितळतो, प्लॅस्टिकचा आरसा भाजून पिवळा पडतो आणि मग उजेड पहिल्याहून कमी होतो. 1991 साली बीएमडब्ल्यूने झेनॉनचा दिवा आणला. 35 वॅटमध्ये तीन हजारांवर ल्युमेन, हॅलोजनच्या डिपरच्या तिपटीने. युरोपने त्याला अट घातली: गाडीत ओझे भरून नाक वर झाले तरी झोत आपोआप खाली आला पाहिजे आणि काच धुण्याची सोय पाहिजे. एलईडीही तसाच मूळ गाडीत, स्वतःच्या भिंगांसह आला तर उत्तम. पण हॅलोजनच्या आरशात नुसता एलईडी खोचला तर उजेड तारेच्या नेमक्या जागेवरून निघत नाही. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की तो आरसा, जो त्या तारेसाठीच घडवला होता, उजेड वाटेल तिकडे उधळतो. चालवणाऱ्याला पुढचे पंधरा-वीस पाऊल लख्ख दिसतात आणि तो खूश होतो. दूरचे पूर्वीपेक्षा कमी दिसते हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण जवळच्या लख्ख उजेडाने बुबुळ लहान झालेले असते. 1988 चा मोटार वाहन कायदा गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही. पण कायदा पौडाच्या अलीकडे थांबतो आणि धुके पौडाच्या पलीकडे सुरू होते.

आमचे हे धुके म्हणजे खरे तर ढगच. ताम्हिणीला वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. 25 जुलै 2024 च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत 556 मिलिमीटर पडला. असल्या दिवसांत ढग रस्त्यावर बसून असतो. त्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. पाण्याचा प्रत्येक कण उजेड चहूकडे फेकतो, आपल्याकडेही. म्हणून जितका प्रखर दिवा तितकी जाड भिंत. धुक्यात दिवा वाढवणे म्हणजे भिंतीला चुना काढणे.

फॉग लॅम्प म्हणूनच बंपरखाली बसवतात. त्याचा झोत रुंद, पसरट आणि वरून सुरीने कापल्यासारखा असतो. तो डोळ्यांपासून जितका खाली, तितके त्याने उजळलेले धुके नजरेच्या वाटेबाहेर राहते, आणि खाली रस्त्याची कड तेवढी दिसते. या दिव्यात प्रखर बल्ब घालणे किंवा तो हौसेने वर छपरावर चढवणे म्हणजे तो नसण्यासारखेच. पिवळा उजेड धुके भेदतो ही समजूत फार जुनी. फ्रान्सने 1936 साली मोटारींना पिवळे दिवेच लावावेत असा नियम केला आणि तो 1993 पर्यंत चालवला. वास्तविक धुक्याचे कण प्रकाशाच्या लहरींहून कितीतरी मोठे असतात, त्यांना पिवळा आणि निळा सारखाच. पिवळ्याचा गुण आहे तो डोळ्याला: निळा भाग गाळला की दिपणे जरा कमी होते. तेवढ्यापुरती ती समजूत ठीक.

पावसात आणखी एक फसवणूक होते. ओला डांबरी रस्ता आरसा होतो. आपल्या दिव्याचा उजेड आपल्याकडे परत न येता पुढे घसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला वाटते दिवा मंद झाला. समोरच्याला वाटते आपण माजलो. त्याचे डोळे ठिकाणावर यायला काही सेकंद लागतात, वय झालेल्याला अधिक. ताशी साठ किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. ताम्हिणीच्या वळणावर तीन सेकंद म्हणजे रस्ता संपून दरी सुरू होण्याइतके अंतर आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावचा एक टेम्पोवाला शंभर-नव्वदचे बल्ब घेऊन माझ्याकडे आला. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे, तेव्हापासून असल्या गोष्टींत लोक मला विचारतात. "मास्तर, ताम्हिणीत काही म्हणता काही दिसत नाही. हे टाकू ना?"

"आणि समोरनं येणाऱ्याला दिसावं की नाही?"

"त्यानं पण टाकावेत."

मी त्याला आधी जुनेच बल्ब लावून इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि मीटरने दाब मोजला. बॅटरीशी आणि बल्बाशी मिळून एका व्होल्टहून अधिक फरक निघाला. गंजलेली अर्थिंग, विटलेली तार. बारा व्होल्टांतला एक असा वाटेत सांडला तर उजेडाचा चौथा हिस्सा जातो. त्याने पौडाहून रिले आणि जाड तार आणवली, अर्थिंग घासून घेतली, पिवळी पडलेली काच पॉलिश केली. मग संध्याकाळी आम्ही टेम्पो शाळेच्या भिंतीपासून दहा मीटरवर, सपाटीला उभा केला. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिपरच्या झोताची वरची कड या खालच्या रेघेवर हवी.

डावा दिवा बराचसा ठीक निघाला. उजव्याची कड वरच्या रेघेच्याही वीतभर वर, खिडकीच्या गजांवर होती.

तो बराच वेळ त्या गजांकडे पाहत राहिला. "म्हणजे मी इतके दिवस झाडांनाच उजेड दाखवत होतो," असे म्हणाला, आणि त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागितला.